टोळ्ळु

उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये
कास्टिंग आधी ऐकतात, मग मोजतात.
शट्टुप्पा किणेकर हातोडीनं एकच टोला देतो
आणि मान तिरकी करून थांबतो.
खणखणीत वाजलं तर पुढं.
बद्द वाजलं, की कोअर-शॉपमधून निंगव्वा
न बघताच सांगते, "टोळ्ळु ऐती."
आत पोकळ आहे. ओतताना कुणाची तरी घाई
हवा होऊन अडकून राहिलीय कुठंतरी.

मग तो तुकडा माझ्याकडं येतो.
हवेत वजन, पाण्यात वजन, भागाकार.
सव्वासात आला तर लोखंड.
कमी आला तर परत भट्टी.

त्याच वहीच्या मागच्या पानावर
सोळा नंबरच्या दगडाचं गणित मांडलंय मी.
सायकी. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात,
ना याचा ना त्याचा,
सूर्याला एक फेरी घालायला पाच वर्षं घेणारा.
स्वतःभोवती मात्र सव्वाचार तासांत फिरतो,
म्हणजे आमच्या एका पाळीत
तिथं जवळजवळ दोनदा उजाडतं
आणि चहा एकदाच.

रुंदी म्हणाल तर
कोल्हापूर स्टँडवरनं सुटलेली गाडी
हुबळीत पोचेतो जेवढी धावते, तेवढी.
मध्ये, बरोबर गाभ्याच्या जागी, बेळगाव.

वर्षानुवर्षं सांगत आले : सगळं लोखंड आणि निकेल,
कुठल्याशा फुटलेल्या ग्रहाचं काळीज.
शट्टुप्पानं भंगाराचा दर लावून पाहिला,
शून्यं मोजता मोजता तळहातावरची तंबाखू मळायची राहिली.
मग नवे आकडे आले. घनता चारच्या आसपास.
मी वही त्याच्यापुढं सरकवली.
"सव्वासाताच्या वर पायजे हुतं न्हवं, बाई?"
"हो."
"मग ह्येला वाजवून बगितलं कुणी?"

कुणी नाही. शेजारून जाणाऱ्या दगडांची वाट
किती केसभर वाकली, त्यावरून वजन काढतात.
आणि आकार हवा असेल तर
एखाद्या ताऱ्यासमोरून तो जाईपर्यंत थांबायचं.

म्हणून माघातल्या त्या रात्री येळ्ळूरच्या गडावर
आम्ही तिघं : मी, शट्टुप्पा,
आणि कानटोपीवरून पदर घेतलेली निंगव्वा.
निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या गच्चीवर हुद्दार सर,
कित्तूरला मुल्लांचा धाकटा,
हुबळीत पॉलिटेक्निकची पोरं.
सगळ्यांचा एकच तारा, फिकट,
नाव नसलेला, नुसता नंबर.

तीन वाजून सतरा मिनिटांनी
तारा गेला.
फुंकर नाही, मिणमिणणं नाही.
शट्टुप्पानं सवयीनं मान तिरकी केली.
निंगव्वा मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु,
मी मनातल्या मनात मराठीत,
बारावर दोघी एकदमच पोचलो,
आणि तेराच्या आत तारा परत आला,
जिथं होता तिथंच.

एवढ्यात एक सावली आमच्यावरून,
उसावरून, झोपलेल्या मच्छ्यावरून समुद्राकडं गेली.
कोगनोळीच्या नाक्यावरूनही गेली असणार,
तिची कागदपत्रं कुणी मागितली नाहीत.

निपाणीत नऊ सेकंद. कित्तूरला अकराच्या वर.
हुबळीच्या पोरांना काहीच दिसलं नाही,
पहाटे ओशाळून फोन केला त्यांनी.
म्हटलं, लिहा तसंच. न गेलेला ताराही लिहायचा असतो.
त्या बाजूला त्याची कड खाल्लेली असेल,
टवका उडालेला असेल कधीकाळी.

उतरताना निंगव्वानं विचारलं, मग आत काय, हवा?
म्हटलं, हवासुद्धा नाही.
फुटून परत गोळा झालं असेल, मध्ये फटी राहिल्या असतील.
चार पायऱ्या ती गप्प होती.
"हंगार टोळ्ळु अल्ल बिडु," म्हणाली.
मग त्याला पोकळ म्हणू नका.

सकाळच्या पाळीला पहिलाच तुकडा बद्द वाजला.
शट्टुप्पा खडू घेऊन वाकला, थांबला,
कान टेकवून अजून एकदा वाजवला.
मग मारली फुली.
ऑर्डर पंपाची होती.